टोपीवरचा खड्डा

दसरा उलटून आठ-दहा दिवस झाले की मला धास्ती वाटायला लागते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. बाकी सगळा तालुका तेव्हा खुशीत असतो. कारखान्याचा बॉयलर पेटलेला असतो, ऊसतोड्यांच्या टोळ्या येऊन माळावर खोपी घालत असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी वाजवत निघालेले असतात, आणि सकाळच्या हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास मिसळायला लागलेला असतो. लोकांना त्या वासानं बरं वाटतं. मला मात्र त्या वासाबरोबर आमच्या दुकानाच्या दारात घुटमळणारी माणसं दिसायला लागतात. काखेत काहीतरी गुंडाळलेलं, आवाज दबका, आणि तक्रार ठरलेली, की चाप ओढला, टक् झालं, पण काडतूस काही उडालं नाही.

आमचं आडनाव शिकलगार. पणजोबा म्हणे तलवारींना पाणी द्यायचे. खरं-खोटं अल्ला जाणे. आजोबा मात्र नक्की कोयते-विळ्यांनाच धार लावायचे, त्याचे साक्षीदार अजून जिवंत आहेत. त्यांनीच कधीतरी बंदूक दुरुस्तीचं लायसन काढलं, अब्बांनी ते सांभाळलं, आणि आता ते माझ्या नावावर आहे. बारामतीच्या एका बोळात दहा बाय बाराचं दुकान. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्याकडं बघतं, मग माझ्या पाठीमागं बघतं, आणि विचारतं, मालक कुठं गेलेत? मी म्हणते, मालक समोरच बसलेत, बोला. मग ते खुर्चीच्या कडेवर टेकतं आणि माझ्याशी बोलायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलतं.

आणि गंमत अशी, की मी मूळची भित्री. साधीसुधी नाही, अट्टल भित्री. दिवाळीत बोळातली पोरं फटाके उडवायला लागली की मी कानात कापूस कोंबून मोरीत जाऊन बसायची. बंदुकवाल्याची पोर आणि लवंगीला घाबरते, म्हणून अख्खी गल्ली मला चिडवायची. अब्बा मात्र कधी हसले नाहीत. ते म्हणायचे, या धंद्याला भित्रंच माणूस पाहिजे, धाडसी माणसाची बोटं जातात. मला ते तेव्हा समजूत काढणं वाटायचं. आता मी रोज सकाळी दुकान उघडते आणि दहाही बोटं शाबूत आहेत हे बघून अब्बांची आठवण काढते.

आमच्याकडं येणाऱ्या रायफली म्हणजे शेतीच्या रक्षणासाठी लायसन काढलेल्या. पणदरे, कोऱ्हाळे, तिकडं इंदापूरच्या बाजूची गावं. एकाचा ऊस तुटला की त्यातली रानडुकरं शेजारच्या फडात घुसतात आणि एका रात्रीत गुंठेच्या गुंठे लोळवतात. हल्ली त्यात बिबट्याची भर पडलीय. त्याला मारायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरात रायफल असली आणि ती हवेत का होईना आवाज करणार असली, की माणसाला जरा धीर येतो. तो आवाजच झाला नाही तर माणूस माझ्याकडं येतो.

का होत नाही आवाज? निम्म्या वेळी त्याचं कारण दसरा असतो. हे आमच्या बाजूचंच खास दुखणं. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पाटावर येतं. कोयते, विळे, पहार, ट्रॅक्टरचे पाने, आणि मधोमध रायफल. तिच्यासमोर ताटलीत काडतुसं उभी मांडलेली. घरातली बाई सगळ्यांना हळद-कुंकू लावते, झेंडू वाहते, आणि दसरा झाला की प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यानं पुसून वर ठेवते. कोयत्याला तेल लावायचं, तसं काडतुसालाही. गंजू नये म्हणून. वर्षाला मिळतात मोजकी, त्यामुळं ती जिवापाड जपायची. मऊ फडक्यात गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवायची. आता काडतुसाच्या बुडाशी एक बारकी टोपी असते. तिच्यात ठिणगीची दारू. चाप ओढला की रायफलीतली पिन त्या टोपीवर आदळते, ठिणगी पडते आणि काडतूस उडतं. वर्षामागून वर्षं ते तेल टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि दारू ओली करून ठेवतं. बाहेरून काडतूस नव्या भांड्यासारखं चकचकीत दिसतं आणि आतून अर्धंमुर्धं मेलेलं असतं.

अर्धंमुर्धं म्हणते, कारण खरी भीती तिथंच आहे. पूर्ण मेलेल्या काडतुसाला कोण घाबरतंय? अर्धमेलं काडतूस मात्र टक् झाल्यावर लगेच उडत नाही, आणि कधीकधी चार-सहा सेकंदांनी, माणूस नळीत डोकावून बघत असताना उडतं. म्हणून अब्बांचा नियम होता. टक् झालं की रायफल तशीच मोकळ्या रानाकडं धरून ठेवायची आणि आपापल्या देवाचं नाव शंभर वेळा घ्यायचं. मगच उघडायची. गिऱ्हाईकं मान डोलवायची, व्हय भाई म्हणायची, आणि घरी जाऊन हमखास तेच करायची जे अब्बांनी करू नका म्हणून सांगितलेलं असायचं. मागचं बोंड अंगठ्यानं ओढून घोडा परत चढवायचा आणि चाप ओढून बघायचा, आता तरी उडतंय का.

ते केलेलं लपत नाही. उडालं नाही त्या काडतुसाची टोपी भिंगाखाली धरली की सगळं दिसतं. पिनचा खड्डाच नसेल तर पिन मोडलेली. खड्डा उथळ असेल तर स्प्रिंग थकलीय, नाहीतर आत ग्रीस घट्ट झालंय. खड्डा चांगला खोल आणि मधोमध असेल तर रायफल निर्दोष, काडतूस खराब. आणि एकाला लागून दुसरा खड्डा असेल, पिठाच्या गोळ्यावर दोनदा बोट दाबावं तसा, तर चाप दोनदा ओढलाय. अब्बांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून भिंग माझ्याकडं आलं. ते माणसाला प्रश्न विचारायचे आणि मी टोपी वाचायची. मी बी.एस्सी. होऊन नोकरी शोधत होते, म्हणजे घरीच बसले होते. चार दिवस मदत कर म्हणाले, ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

परवा पणदऱ्याच्या हिराकाकू दुकानात आल्या आणि हे सगळं पुन्हा वर आलं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना उत्तर दिलं होतं. उत्तर खोटं होतं. त्या उत्तराच्या भरवशावर त्या बाई एका माणसाबरोबर परत घरी गेल्या होत्या, आणि त्या घरी नीट आहेत ना, या धास्तीत मी बारा हंगाम काढले.

त्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळचे दहा वाजले होते, बोळात भाजीच्या गाड्या लागल्या होत्या, शाळेची मुलं चालली होती. हिराकाकू आणि त्यांचे यजमान, तात्या, चौकातून चालत आले. तात्यांचा पाच-सहा एकर ऊस, डेअरीला घालण्यापुरत्या गाई. उंच, ताठ, मोजकं बोलणारा आणि चटकन तापणारा माणूस. काकू ठेंगण्या, अखंड बडबडणाऱ्या. आल्या की अम्मीसाठी लिंबं, शेवग्याच्या शेंगा, काही ना काही घेऊन यायच्या. त्या दिवशी त्यांच्या हातात पिशवी नव्हती. वाकळेत गुंडाळलेलं लांब गाठोडं दोन्ही हातांवर आडवं धरून त्या येत होत्या.

तात्यांनी सांगितलं ते असं. तांबडं फुटताना ते बांधावर होते. शेजारचा ऊस तुटलेला, त्यामुळं डुकरं यांच्या फडात आलेली. धुकं दाट. फडात खसफस झाली, त्यांनी चाप ओढला, टक् झालं आणि उडालंच नाही. आणि लगेच उसातून बाहेर आली ती हिरा, डोक्यावर गाईसाठी उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन. तात्यांनी तत्क्षणी नळी आभाळाकडं केली. नंतर रायफल उघडायला गेले तर ती उघडेचना. काडतूस आत अडकलेलं. बरं झालं उडलं न्हाय, असं म्हणून ते हसले. त्यांच्या हसण्यात त्या खोलीतलं दुसरं कुणी सामील झालं नाही.

अब्बांनी विचारलं, म्हणजे ते काडतूस अजून आत आहे? तात्या म्हणाले, व्हय, आतच हाय. वडापच्या जीपमधून आले होते दोघं. अकरा माणसं कोंबलेली, आणि ही भरलेली रायफल हिराकाकूंच्या मांडीवर. नळीचं तोंड टपाकडं धर, एवढं तात्यांनी सांगितलं होतं. त्यांनी ते पणदऱ्यापासून बारामतीपर्यंत तसं धरलं होतं, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला. हे ऐकलं आणि मी काउंटरला धरून उभी राहिले.

अब्बांनी अलगद रायफल घेतली आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपात नळी खुपसून उभी केली. मग तात्यांना एकच विचारलं.

"चाप किती येळा वढला?"

"येकदाच, भाई."

"बगा बरं आटवून."

"येकदाच म्हनलं न्हवं."

मग अब्बांनी सगळ्यांना बाहेर काढलं. तात्या थांबतो म्हणाले, पण अब्बांचा आवाज चढला की त्यापुढं कुणाचं चालत नसे. तात्या चौकातल्या चहाच्या गाडीकडं गेले. मी शटर अर्ध्यावर ओढलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पलीकडून जा म्हणून सांगितलं, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर काकूंना घेऊन बसले. शटरखालून अब्बांचे पाय तेवढे दिसत होते. त्यांनी रायफलीच्या फटीफटीतून तेल सोडलं असणार. निम्मं मेलेलं काडतूस आधी पुरतं मारायचं आणि मग काढायचं, अशी त्यांची रीत होती. तेल मुरायला वेळ द्यायचा, मग लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून रायफल उघडायचा बोल्ट मोकळा करायचा.

तो वेळ मला अजून आठवतो तो आवाजांनी. भाजीवालीचं ओरडणं, एका स्कूटरचा हॉर्न, आणि त्या सगळ्यांमधून आमच्या दुकानातली शांतता. मी कान तिकडंच लावून बसले होते. मोठा आवाज झाला तर काय करायचं, कुणाला बोलवायचं, अम्मीला काय सांगायचं, सगळं मनात ठरवत होते. गुडघे हातांनी आवळून धरले होते. फटाका वाजला की भीती संपते, हे मला लहानपणीही कळायचं. न वाजलेल्याचं मात्र काहीच सांगता येत नाही. तो रस्त्यात पडून असतो आणि आपण त्याच्याकडं बघत लांब उभं राहतो.

 मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत काकूंनी सांगायला सुरुवात केली. सुरेखा, त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं आणि नवऱ्याबरोबर वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होती. तात्यांनी घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलेलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी काकू बाजाराला जाते म्हणून निघाल्या आणि सुरेखाला फराळाचा डबा देऊन आल्या. ते कुणीतरी तात्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून आठ दिवस घरात एक शब्द नव्हता. तात्या जेवायचे, ताट सारायचे आणि उठायचे. काकूंना वाटत होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"शबाना, तुला ह्यातलं कळतं म्हनून इचारते. येकदा टक् झालं, गोळी न्हाय उडली, तर थोड्या येळानं बंदूक आपली आपन पुन्यांदा टक् करती का गं?"

मी विचारलं, म्हणजे काय झालं काकू? त्या म्हणाल्या, पहिलं टक् झालं तेव्हा त्या फडाच्या आतच होत्या. त्यांना वाटलं, पायाखाली पाचट मोडलं. तशाच पुढं आल्या. बाहेर येऊन बघतात तर वीस पावलांवर तात्या, रायफल खांद्याला. यांच्याकडंच रोखलेली. त्या जागच्या जागी थांबल्या. डोक्यावर भारा, दोन्ही हात वर. तात्यांनी त्यांना बघितलं का नाही, ते त्यांना सांगता येत नव्हतं. धुकं लय हुतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. आणि मग दुसरं टक् झालं. त्यानंतर नळी वर गेली आणि तात्या ओरडले, कोन हाय तितं?

मला उत्तर माहीत होतं. रायफल आपण होऊन दुसऱ्यांदा टक् करत नाही. कुणीतरी ते मागचं बोंड अंगठ्यानं ओढावं लागतं, जोर लावून ओढावं लागतं, आणि मग बोट चापावर न्यावं लागतं. धुक्यात डुक्कर समजून ओढलं असेल. निम्मी गिऱ्हाईकं तेच करतात, आणि अब्बांची बोलणी नकोत म्हणून एकदाच म्हणतात. किंवा नसेलही तसं. आठ दिवस न बोललेला माणूस वीस पावलांवरून काय बघत होता, ते मला त्या पायरीवर बसून कसं कळणार होतं? मला दिसत होतं ते फक्त काकूंचं तोंड. त्यावर रडू नव्हतं. दवाखान्यात रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरकडं माणूस जसं बघतो, तशा त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणाले, "करते कधीकधी, काकू. काडतूस तेल प्यालेलं असलं की करते."

"करती व्हय?"

"हो."

 मला वाटलं, आता त्यांनी अजून काही विचारलं तर माझ्या तोंडून खरं निघून जाईल. पण त्यांनी विचारलं नाही. मंग हरकत न्हाय, एवढं म्हणून पदर नीट केला आणि शटरकडं तोंड करून बसल्या. मी खोटं का बोलले? घाबरले म्हणून. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही. खरं सांगितलं असतं तर ती बाई चौकात चहा पिणाऱ्या नवऱ्याकडं कशी जाणार होती, आणि त्यापुढं मी तिला काय देणार होते, याचा माझ्याकडं विचार नव्हता. मी चोवीस वर्षांची होते आणि माझे कान अजून शटरकडंच होते.

दुपारची अजान झाली. तिच्यानंतर आत ठोकण्याचा आवाज सुरू झाला. ठक, आणि बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होते. शेवटी बोल्ट सरकल्याचा खडखडाट झाला आणि अब्बांनी मला नावानं हाक मारली. मी जवळपास पळतच शटरखालून आत गेले. अब्बांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांच्या तळहातावर काडतूस होतं, काळपट पिवळं, कडेला तेला-कुंकवाचा घट्ट झालेला लगदा. त्या लगद्यानंच ते आत धरून ठेवलं होतं.

तोवर तात्याही आले होते, त्यांच्यामागं काकू. अब्बांनी काडतूस माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, बघ. मी भिंग लावलं. टोपीवर खड्डा होता, खोल, मधोमध. आणि त्याच्या उजव्या कडेला लागून दुसरा. तितकाच खोल.

खड्ड्यावरून वेळ कळत नाही. पहिल्यानंतर दुसरा दोन सेकंदांनी पडला की दहा, काकू बाहेर यायच्या आधी की नंतर, धुक्यात की धुकं फाटल्यावर, ते कुठल्याच भिंगाखाली दिसत नाही. मला इतकंच कळलं, की दुसरं टक् काकूंच्या कानांचा भास नव्हता. भिंग डोळ्याला लावलेलं असल्यामुळं कुणाला माझा चेहरा दिसत नव्हता, ते बरं होतं. मी जितका वेळ भिंग धरून ठेवता येईल तितका ठेवलं.

अब्बांनी विचारलं, किती?

मी म्हणाले, एक. खोल आहे. काडतूसच खराब.

तात्यांनी श्वास सोडला. अब्बांनी काडतूस माझ्याकडून परत घेतलं, आणि आपल्याला दिसत नसताना उगीचच डोळ्यांजवळ नेलं. मग अंगठ्याच्या नखाची कड त्यांनी टोपीवरून फिरवली, एकदा, आणि परत एकदा. चाळीस वर्षं त्या नखानं पिना आणि स्प्रिंगा तपासल्या होत्या. नख जिथं थांबायचं तिथं दोनदा थांबलं, ते मी बघितलं.

तात्यांना ते इतकंच म्हणाले, की स्प्रिंग गेलीय, रायफल ठेवून जावी लागेल. स्प्रिंग बाहेरून मागवायची, वेळ लागेल.  खड्डे इतके खोल होते, की स्प्रिंग धडधाकट असल्याचं शेंबडं पोरही सांगेल. तात्यांनी जरा कुरकुर केली, रानात डुकरं हायत म्हणाले. अब्बा म्हणाले, फटाके लावा. दोघं वडापच्या जीपकडं चालत गेले, पुढं तात्या, चार पावलं मागं काकू. मी बोळाच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागं गेले. काय करायला गेले होते, ठाऊक नाही. जीप भरली आणि गेली.

ती स्प्रिंग कधीच आली नाही. अब्बांनी रायफल तेल लावून, पावती करून, कपाटात कुलुपात ठेवली. तात्यांनी पहिल्या वर्षी दोनदा विचारलं, पुढच्या वर्षी एकदा, मग विचारायचं सोडलं. अब्बा आणि मी त्या काडतुसाबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, ते विचारतील, तू एक का म्हणालीस. त्यांना कदाचित वाटत असेल, मी स्प्रिंगचं विचारीन.

मात्र मला त्यानंतरचा प्रत्येक हंगाम जड गेला. दसरा झाला की मी सकाळी पेपर उघडायची तो तालुक्याच्या पानावर. पणदरे हा शब्द दिसला की बातमी शेवटपर्यंत वाचायची. दूध संस्थेची सभा असायची, नाहीतर कबड्डीचे सामने. रायफल आमच्याकडं होती, हे खरं. पण शेतकऱ्याच्या घरात कोयते असतात, विहीर असते, औषधाच्या बाटल्या असतात. रायफल ठेवून घेतल्यानं काय होतंय? काकू बाजाराला आल्या की दुकानात डोकावायच्या, अम्मीला लिंबं द्यायच्या, पूर्वीसारखी बडबड करायच्या. मी त्यांचे हात बघायची, गळा बघायची, कुठं वळ दिसतोय का म्हणून. काही दिसायचं नाही. सुरेखाला मुलगा झाला तेव्हा पेढे घेऊन आल्या. तात्या बारशाला गेले होते का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. आणि एखादं गिऱ्हाईक खूश होऊन सांगायला आलं, की बाई, तुमी निवडून दिलेलं काडतूस पहिल्या झटक्याला उडलं, की मला वाटायचं, कुठल्या दिशेला उडालं ते आधी सांगा.

अब्बा गेले त्याला पाच वर्षं झाली. तात्या या उन्हाळ्यात गेले, झोपेत, हार्टनं. परवा काकू आल्या त्या मृत्यूचा दाखला, लायसनचं पुस्तक आणि दुकानाची ती जुनी पावती घेऊन. रायफल सरकारजमा करायची, त्याचे कागद करायला. सुरेखा त्यांना सोडून नोटरीकडं गेली होती. मी कपाट उघडून रायफल बाहेर काढली, नंबर जुळवला, चार ठिकाणी फुल्या मारून दिल्या. काकूंनी प्रत्येक फुलीजवळ सावकाश सही केली, जोडाक्षराला थांबत थांबत. थकल्या होत्या, पण बऱ्या दिसत होत्या. समोरच्या पायरीवर ऊन आलं होतं. बाहेरून मळीचा वास येत होता. मला वाटलं, आता नाही बोलले तर हे माझ्याबरोबरच जाईल.

मी म्हणाले, काकू, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. रायफल आपली आपण दुसऱ्यांदा टक् करत नाही.

त्यांनी शेवटची सही पुरी केली. पेनाचं टोपण लावलं.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तू म्हनलीस काडतूस खराब, आन् तुज्या अब्बानं रायफल ठिवून घेतली, तवाच कळलं."

 बारा वर्षं मी ज्या गोष्टीवर झाकण धरून बसले होते, ती त्यांना जीपमध्ये बसायच्या आधीपासून माहीत होती. मी विचारलं, मग तुम्ही परत येऊन मला का नाही विचारलंत? खरं काय ते सांगितलं असतं की मी.

काकूंनी कागद एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या आणि माझ्या पुढ्यात सरकवले.

"मला खरं कुठं पायजे हुतं, शबाना? मला त्या दिशी घरला जायाचं हुतं."